नवसाचे देणे : चिमाजीअप्पा आणि वज्रेश्वरी

देवाला बोललेला नवस हे मनुष्याच्या माथ्यावरचे देणे होय. त्याचा कागद नसतो, साक्षीदार नसतो आणि वसुलीलाही कोणी दारात येत नाही. म्हणून संकटात नवस बोलणारे पुष्कळ. काम झाल्यावर आठवणीने फेडणारे थोडे. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही. या बाबतीत ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरीच्या देवळाची हकीगत सर्व भाविकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

इ. स. १७३७ मध्ये थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजीअप्पा यांनी उत्तर कोकणात पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम उघडली. ठाणे व साष्टी हाती आली. वसई मात्र हटेना. दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे असलेला तो किल्ला, तीन बाजूंनी पाणी. सुरुंग लावताना, तटावर चढताना हजारो मराठे कामास आले. तळ वडवलीच्या बाजूस असता अप्पांनी वज्रेश्वरीला साकडे घातले, की किल्ला हाती आला तर तुझे देऊळ किल्ल्यासारखे बांधीन. अशी परंपरा आजही तेथे सांगितली जाते.

१६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. अप्पांनी त्यांना बायकामुलांसह निघून जाण्यास आठ दिवसांची मुदत दिली. जिंकणाऱ्याने हात आवरावा, ही देखील देवाची आठवण ठेवण्याचीच एक रीत म्हणावी लागेल.

विजयानंतर कामे थोडी नव्हती. तरी नवस मागे पडला नाही. वसईचे नवे सुभेदार शंकर केशव फडके यांना देवळाचा हुकूम झाला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १७४० मध्ये, बाजीराव गेले आणि डिसेंबरात खुद्द अप्पाही. विजयानंतर त्यांना जेमतेम दीड वर्ष मिळाले. ‘सवडीने पाहू’ म्हटले असते, तर देणे तसेच राहिले असते.

वसईकडील घंटा पुढे ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ साल आहे. ज्यांनी ती ओतली त्यांनीही ती देवासाठीच ओतली होती, हे विसरू नये. असो.

वज्रेश्वरीचा नगारखाना वसईच्या किल्ल्याच्या दरवाजासारखा आहे. पायऱ्या आणि दीपमाळ मागाहून बडोद्याच्या गायकवाडांनी बांधली, तीही नवस फेडण्यासाठीच. त्या बावन्न पायऱ्या पाच नारळ पदरात घेतलेली एखादी म्हातारीही चढते. तिचा नवस नातवाच्या तापाचा असतो. नारळ फोडून, अंगारा पुडीत बांधून ती संध्याकाळच्या एस.टी.ने परत जाते. देवळाच्या दप्तरी तिचे नाव चढत नाही.