पावसाने आखलेले हंगाम : घोड्यांची शर्यत, फुटबॉल आणि शिर्डीचा परिसर

इंग्लंडमधील क्रीडावर्षाची घडण तेथील उन्हाळ्याभोवती झाली आहे. जूनच्या आरंभी एप्समची डर्बी, पाठोपाठ अ‍ॅस्कटच्या राजेशाही शर्यती आणि ऑगस्ट उजाडताच फुटबॉलच्या साखळी सामन्यांचा नवा हंगाम, असा तो क्रम आहे. ब्रिटिशांनी हे दोन्ही खेळ मुंबई इलाख्यात आणले खरे. परंतु जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोसळणाऱ्या पावसापुढे हे वेळापत्रक टिकणे शक्य नव्हते. शर्यत कोठे व्हावी आणि चेंडू केव्हा खेळावा, हे महाराष्ट्रात पर्जन्यमानाने ठरवले, आणि सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआड पाऊस तुटणाऱ्या पट्ट्यात वसलेल्या शिर्डीच्या परिसरात तर त्याने अगदी निराळाच हंगाम घडवला.

मुंबईत घोड्यांच्या शर्यती प्रथम भायखळ्याच्या मैदानावर होत असत आणि तेथील टर्फ क्लबची स्थापना 1802 सालची मानली जाते. 1883 साली महालक्ष्मीच्या दलदलीच्या सखल जमिनीवर नवे रेसकोर्स तयार झाले. मात्र पावसाळ्यात ही धावपट्टी भिजून घोड्यांच्या पायांना धोकादायक होत असल्याने मुंबईचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असा ठरला, आणि उरलेल्या काळासाठी पुण्याकडे पाहणे क्रमप्राप्त झाले. पुण्याचे रेसकोर्स 1830 सालचे, लष्करी छावणीच्या जमिनीवरचे. मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवीत असे. त्याच्या पाठोपाठ सचिवालयातील अधिकारी, लष्करी अंमलदार, संस्थानिक आणि मुंबईचे धनिक पुण्यात येत, आणि या साऱ्या गर्दीला जुलै ते ऑक्टोबरच्या शर्यतींनी एकत्र येण्याचे ठिकाण दिले. राज्यकारभार पुण्याला येण्याची ती प्रथा केव्हाच संपली, पण शर्यतींचा पावसाळी हंगाम पुण्यात तसाच राहिला. राजवटीने लावलेली सवय राजवटीपेक्षा अधिक काळ टिकल्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल. पश्चिम भारताच्या टर्फ क्लबला 1935 साली ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले, आणि 1943 साली पहिली इंडियन डर्बी धावली, तेव्हा ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली.

शर्यतीच्या इतिहासाकडे केवळ जुगाराच्या अंगाने पाहणे अपुरे ठरते. पैज लावणारा पंटर, पैज घेणारा बुकी आणि लावलेली रक्कम विजेत्यांत प्रमाणशीर वाटून देणारी ‘टोट’ ही यंत्रणा या जगाचा एक भाग आहे, आणि तिच्या नियमनासाठी मुंबई सरकारने 1912 सालीच रेसकोर्स परवाना कायदा केला होता. या जगाचा दुसरा भाग मात्र तबेल्यांत आणि अश्वपैदास केंद्रांत आहे. पुण्याच्या पूनावाला घराण्याने 1946 साली अशा केंद्राची स्थापना केली. तेथील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण घोड्याच्या रक्तातील द्रव्यापासून, म्हणजे रक्तलसीपासून धनुर्वात व सर्पदंशावरील औषधे तयार होत. याच अनुभवातून सायरस पूनावाला यांनी 1966 साली सीरम इन्स्टिट्यूटची उभारणी केली. पुण्यातील शर्यतीच्या घोड्याने सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात मिळवलेली ही जागा कोणत्याही चषकाहून मोलाची आहे.

फुटबॉलची दिशा नेमकी उलट होती. पावसाने घोड्यांना मुंबईबाहेर काढले, तर त्याच पावसाने क्रिकेटपटूंनी मोकळी केलेली मैदाने चेंडू लाथाडणाऱ्यांच्या हाती दिली. 1891 साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा पहिल्या वर्षी वूस्टरशायर रेजिमेंटने जिंकली आणि पुढची कित्येक वर्षे ती गोऱ्या पलटणींचीच राहिली. 1923 साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, 1937 साली बंगलोर मुस्लिम्सने चषक जिंकून ही मक्तेदारी मोडली, आणि हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे तो आपल्याकडे ठेवला. मुंबईतील कूपरेज मैदानाच्या चिखलात वाढलेली ही स्पर्धा एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडली, ही महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनाची मोठी हानी आहे. राज्यात फुटबॉल लोकांचा झाला तो कोल्हापुरात, आणि तेथे तो पलटणींऐवजी तालमींच्या, म्हणजे पेठेतील कुस्तीच्या आखाड्यांच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींची नावे आजही संघांची नावे आहेत.

शिर्डीच्या परिसरात यांपैकी काहीच पोहोचले नाही, तरी घोडा आणि खेळाचा हंगाम या दोन्ही गोष्टी तेथे होत्या. मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर शिर्डीभोवतीच्या राहाता-कोपरगाव भागात तो पाचशेच्या आसपास असतो. त्यामुळे तेथील शेतकऱ्याला पावसाळा हा पेरणीचा आणि काळजीचा काळ, आणि मोकळीक मिळे ती रब्बीची पिके घरात आल्यानंतर, चैत्र-वैशाखात. यात्रा, उरूस आणि कुस्त्यांचे फड याच दिवसांत भरत. रोव्हर्स चषकानंतर अवघ्या सहा वर्षांनी, 1897 साली, कोपरगावच्या गोपाळराव गुंडांच्या पुढाकाराने शिर्डीत रामनवमीच्या दिवशी उरूस भरू लागला. साईबाबांच्या परंपरेत घोडा वारंवार भेटतो : धूपखेड्याच्या चांद पाटलाची हरवलेली घोडी ही त्यांच्या शिर्डीतील आगमनाच्या कथेची सुरुवात आहे, चावडीच्या मिरवणुकीत शृंगारलेला श्यामकर्ण घोडा चाले, आणि बाबांच्या घोड्याची समाधी लेंडीबागेत आजही पाहता येते. येथे घोड्याचा मान वेगावर अवलंबून नव्हता. मिरवणुकीतील त्याची जागा हाच त्याचा मान होता.

वेगाची हौस मात्र शिर्डीच्याच जिल्ह्यातील पारनेर भागात आणि लगतच्या जुन्नर-आंबेगावच्या यात्रांत उन्हाळ्यातच भागवली जाते, ती बैलगाडा शर्यतीत. ‘घाट’ म्हणजे चढाची आखीव धाव, आणि त्या धावेवरील गाड्याची प्रत्येक फेरी म्हणजे ‘बारी’. बैलांच्या पुढे स्वारासह घोडी दौडते, बैल तिच्या ओढीने वेग घेतात आणि निकाल सेकंदांवर लागतो. महालक्ष्मीच्या शर्यतीत घोडा हा धनिकाची मालमत्ता आहे, घाटातली घोडी शेतकऱ्याच्या घरची आहे, एवढाच काय तो मोठा फरक. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर 2021 मध्ये ती सशर्त उठली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. जनावरांना मारहाण न होता या शर्यती व्हाव्यात ही त्या परवानगीमागची अट आहे, आणि ती पाळली गेली तरच परंपरेचा दावा टिकेल.

क्लबांच्या शर्यतींची आणि सामन्यांची नोंद छापील पुस्तकांत राहिली, तर उरुसांतील कुस्त्या, घाटांतील बाऱ्या आणि त्यांत दौडलेल्या घोड्या बहुतांशी वृद्धांच्या आठवणीत आहेत. राहाता, कोपरगाव आणि पारनेर तालुक्यांतील यात्रा समित्यांनी व शाळा-महाविद्यालयांनी त्या आठवणी गावोगाव जाऊन आताच लिहून घ्याव्यात.