आभासी वास्तव उपचार

भीतीच्या विकारांवरील मानसोपचारात संगणकनिर्मित त्रिमितीय दृश्यांचा केलेला वापर. उपचारक आणि रुग्ण सहसा एकाच खोलीत असतात. रुग्णाला हेडसेटमध्ये दिसणारे दृश्य उपचारक शेजारच्या पडद्यावर पाहतो. उंचीची भीती असलेल्याला काचेच्या लिफ्टमधून टप्प्याटप्प्याने वर नेले जाते. भीती ० ते १०० मध्ये किती, हे विचारून वेग ठरवतात. मनोविकारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांची ही मोजपट्टी या उपचाराहून बरीच जुनी. अटलांटातील बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस व सहकाऱ्यांनी उंचीच्या भीतीवरील नियंत्रित अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या, त्या आठवणींनी ग्रासलेल्या सैनिकांसाठी हेलिकॉप्टर व जंगलाची दृश्ये तयार झाली. सुरुवातीची चित्रे ओबडधोबड होती, तरी भीती खरीच वाटे. चित्राच्या हुबेहूबपणापेक्षा कुठे थांबायचे हे जाणणारा उपचारक महत्त्वाचा. हेडसेटमुळे काहींना मळमळते.