नाक खुपसण्याची जागा

आसनगावजवळ महामार्गाच्या कडेला एका गॅरेजात एक टेम्पो दोन दिवस उभा होता. धूर काळा, चढाला दम नाही, डिझेल मात्र मनसोक्त पितोय. पंप तपासून झाला होता, नोझलं नवी टाकून झाली होती. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी एक नोझल उपसलं, हेडच्या त्या भोकात वाकवलेली तार घातली आणि तळातून तांब्याचा एक काळाठिक्कर वॉशर बाहेर ओढला. आधी हात लावणाऱ्यानं जुना वॉशर आतच ठेवून त्यावर नवा चढवला होता. "नाक मागं राहिलं होतं," एवढं बोलून मिस्त्री हात पुसायला लागले.

वॉशरची जाडी ती किती, फार तर दोन मिलिमीटर. पण अशा इंजिनात पिस्टनच्या माथ्यावर वाटीसारखा खळगा असतो आणि नोझलच्या टोकावरच्या चार-पाच बारीक भोकांचा कोन असा धरलेला असतो की धारा नेमक्या त्या वाटीत पडाव्यात. टोक दोन मिलिमीटर वर राहिलं की धारा वाटीच्या काठावर आपटतात. तिथे डिझेलला हवा पुरत नाही, आणि अर्धवट जळलेलं सगळं सायलेन्सरमधून काळं होऊन बाहेर येतं.

इंग्रजीतला 'नोझल' हा शब्द नाकावरूनच आला आहे. 'नोज'चं धाकटं रूप, म्हणजे इवलंसं नाक. मिस्त्रींना हे कुणी सांगितलं नसणार. हे नाक कुठे खुपसायचं, यावर मात्र शंभराहून अधिक वर्षं डोकेफोड झाली आहे.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली ऑग्सबुर्गला नीट चाललं, तेव्हा तेल नुसतं पिचकारीनं आत जात नव्हतं. दाबलेल्या हवेच्या झोतानं ते फुंकून आत घालावं लागे. त्यासाठी इंजिनाच्या शेजारी वेगळा कॉम्प्रेसर. कारखान्यात, जहाजात हे चाललं. पण ट्रकवर लादायचं तर भाराला जागा उरायची नाही. हवा वगळून नुसतं तेल जोरानं ढकलायचं, तर इतका दाब पेलणारा आणि थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा पंप हवा. रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं १९२२ मध्ये ते काम हाती घेतलं आणि १९२७ मध्ये पंप बाजारात आणला. तिथून पुढे डिझेल रस्त्यावर आलं.

घराण्याच्या दोन पाती मात्र त्याआधीच पडल्या होत्या. बेन्झकडच्या प्रॉस्पर लोरांजनं १९०९ मध्ये वेगळी वाट काढली: मुख्य सिलिंडरला लागून एक छोटी खोली करायची, नोझल तिच्यात बसवायचं, डिझेल तिथे पेटू द्यायचं आणि पेटलेला वायू तिथून बाहेर उसळू द्यायचा. नाक ओसरीवर, घर आत. दुसरी पात थेट घरात शिरणारी. ओसरीवाल्या इंजिनाला नोझल एका भोकाचं चालतं, दाबही कमी लागतो, आवाजही मवाळ. पण उष्णता भिंतींत मुरते आणि डिझेल जास्त जातं. मॅटाडोर याच पातीची, आणि प्यूजोचं इंजिन घेतलेली महिंद्रा जीपही. माणसं दारात लटकवून धावणाऱ्या त्या जीपचा भरभर आवाज ऐकलेल्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

शेतावरचं किर्लोस्कर इंजिन दुसऱ्या पातीचं, थेट फवारणीचं. १९४६ मध्ये पुण्याला सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची ती यंत्रं शहापूर-मुरबाडकडे ओढ्याचं पाणी मळ्यावर चढवायला असत. सुरू करायच्या आधी पाइपात अडकलेली हवा काढायची. नोझलजवळचा नट सैल करायचा, हँडल मारायचं, बुडबुडे संपून निव्वळ डिझेल आलं की नट आवळायचा. मग पुन्हा हँडल, आणि हेडमधून 'चिर्र' असा आवाज. तो ऐकू आला की जाणत्याचा चेहरा खुलतो. नोझल मिटून पुन्हा उघडतंय, फवारा तुटतोय, म्हणजे तब्येत बरी आहे.

यातली कितीतरी नोझलं कसारा घाट उतरून आली. बॉशशी जोडलेली मायको कंपनी १९५१ मध्ये बंगळुरात स्थापन झाली आणि पुढे तिचा कारखाना नाशिकला सातपूरला उभा राहिला. नोझल हेच तिथलं मुख्य काम. सुई आणि तिचं घर यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस त्याच्या वीस-पंचवीस पट जाड. म्हणून एका नोझलची सुई दुसऱ्याच्या घरात कधी घालत नाहीत. कंपनीचं नाव २००८ मध्ये बदललं, पण नाशिकमधलं 'मायको सर्कल' अजून तेच आहे. रिक्षावाला दुसरं नाव ऐकूनच घेत नाही.

आता या घराण्याचा परदेशातला एक चुलता. डिझेलशी त्याचा संबंध नाही, पण नाकाचा प्रश्न त्याच्याकडे फारच विकोपाला गेला. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांवर गाड्या पळवणाऱ्या स्टुअर्ट हिलबॉर्नला कार्ब्युरेटरचा कंटाळा आला, आणि त्यानं प्रत्येक सिलिंडरच्या हवेच्या नळीत एकेक नोझल बसवलं. वीज नाही, मोजणारा मेंदू नाही. इंजिनावर फिरणारा पंप, आणि सतत वाहणारं इंधन. १९४८ मध्ये त्याची गाडी ताशी दीडशे मैलांच्या पुढे गेली. ड्रॅग शर्यतवाल्यांनी हेच तंत्र उचललं, वर हवा कोंबणारा ब्लोअर चढवला, आणि भांडण सुरू झालं: नोझल ब्लोअरच्या वर की खाली?

वर बसवलं तर इंधन वाफ होताना हवा थंड करतं, ब्लोअरच्या पात्यांमधल्या फटीही बुजवतं. पण खाली उतरताना ते सगळ्यांना सारखं वाटलं जात नाही. गाडी सुटते तेव्हा वेग इतका झपाट्यानं वाढतो की थेंब मागच्या सिलिंडरांकडे धावतात, जीपमधला भरलेला हंडा झटक्यात मागे हिंदकळावा तसे. पुढचे उपाशी राहतात, आणि उपाशी सिलिंडरचा पिस्टन वितळतो. म्हणून खाली, प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी आणखी नोझलं. ज्याला कमी पोचतं त्याचं भोक जरा मोठं.

त्यातून नायट्रोमिथेन नावाचं इंधन. पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, याला १.७ पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी पट इंधन ओतायचं. आजच्या सर्वांत वरच्या वर्गातल्या गाडीवर त्यामुळे सुमारे ४२ नोझलं असतात: दहा ब्लोअरच्या टोपीत, सोळा मॅनिफोल्डमध्ये, सोळा हेडमध्ये. आठ सिलिंडरांना बेचाळीस नाकं! आपल्याकडे अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, पण हा चुलता तिथे कधी दिसायचा नाही.

गॅरेजात येणाऱ्या नव्या टेम्पोंवर आता कॉमन रेल आहे. दाब हजारो बारमध्ये, वेळ संगणक ठरवतो, आणि हवा काढायला नट सैल करायला गेलं तर मिस्त्री ओरडतात. नोझलच्या तळाशी तांब्याचा वॉशर मात्र तसाच आहे, आणि जुना काढल्याशिवाय नवा घालू नये हा नियमही. त्या दिवशी काढलेला काळा वॉशर मिस्त्रींनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. खिळ्यावर आधीचे पाच-सहा होतेच.