मनाची रोजकीर्द

रत्नागिरीला थिबा राजाचा वाडा आहे. आमच्या शाळेची सहल वर्षाआड तेथे जाते. चार वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत मी मुलांना नेहमीची हकीकत सांगत होतो. ब्रह्मदेशचा हा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले, १८८६ साली त्याला येथे आणून ठेवले, १९१० साली तो या वाड्यात राहावयास आला आणि १९१६ च्या डिसेंबरात येथेच वारला. एवढ्यात सातवीतल्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, तीस वर्षं हा राजा दिवसभर करायचा काय?”

मुले हसली. मला वाटले, पोरगा माझी थट्टा करतो आहे. मी त्याच्या थोबाडीत मारली.

त्या सकाळी एका प्रकाशकाकडून माझ्या कादंबरीचे बाड परत आले होते. त्या मुलाचा त्यात काय अपराध? परंतु हात उठला तेव्हा मला ना बाड आठवले, ना मुलगा दिसला. वर्गात ‘राग आवरावा’ हा धडा मी अठरा वर्षे शिकवीत आलो आहे, हेही आठवले नाही.

प्रश्न मात्र खरा होता. त्याचे उत्तर शोधू लागलो आणि रत्नागिरीहून मंडालेला जाऊन पोहोचलो. मंडाले म्हटले की आपल्याला टिळक आठवतात. इंग्रजांनी मंडालेचा राजा रत्नागिरीस आणला आणि रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांना मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे ठेवले. ही देवघेव आपण जाणतो. पण थिबाचे राज्य बुडाल्यामुळे तिकडे आणखी एक गोष्ट घडली, तिची वार्ता आपल्याकडे फारशी नाही.

थिबाचा बाप मिंडोन मोठा धर्मनिष्ठ राजा. त्याने १८७१ साली मंडालेस पाचवी धर्मसंगीती भरविली आणि सारे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरवून घेतले. थिबा स्वतः तरुणपणी विहारात राहिलेला, पाली ग्रंथांच्या परीक्षेत उत्तम उतरलेला. तो १८७८ साली गादीवर आला, आणि १८७९ साली त्याच्या राजवटीत राजघराण्यातल्या कितीतरी माणसांची कत्तल झाली. ती कोणाच्या आज्ञेने झाली याविषयी इतिहासकार वाद घालतात. मला एवढेच दिसते की जेथे धर्म दगडावर कोरलेला होता आणि राजाला पाठ होता, तेथेच भय मोकाट सुटले. शब्द पाठ असणे वेगळे आणि मनात उठलेले भय उठतानाच ओळखणे वेगळे. माझी आणि राजाची परीक्षा एकाच विषयात गेली होती म्हणा ना!

वस्तुतः त्या ग्रंथांत हे ओळखणेच सांगितले आहे. ‘सतिपट्ठान सुत्त’ हा बुद्धाचा उपदेश कुरु देशात झाला असे मानतात. त्यात शरीर, वेदना, चित्त आणि धर्म या चार ठिकाणी लक्ष ठेवावयास सांगितले आहे. चित्तात क्रोध असेल तर तो आहे असे जाणावे, नसेल तर नाही असे जाणावे, बस्स. अट्ठकथेत एक गोड गोष्ट आहे. त्या देशातल्या बाया पाणवठ्यावर भेटल्या की एकमेकींना विचारीत, ‘तुझा कोणता अभ्यास चालला आहे?’ पुढे मात्र ही विद्या बहुतांशी भिक्षूंकडे राहिली, आणि गृहस्थाने दान द्यावे, शील पाळावे, पुण्य जोडावे अशी वाटणी झाली.

ती वाटणी मोडली राज्य बुडाल्यानंतर. १८८५ च्या नोव्हेंबरात अवघ्या दोन आठवड्यांच्या लढाईत मंडाले पडले. विहारांना पोसणारा, भिक्षुसंघाला शिस्त लावणारा राजा गेला. नव्या सरकारला ती जबाबदारी नको होती. धर्म आता टिकणार कसा, या चिंतेत जे होते त्यांत एक विद्वान भिक्षू होते. मोन्यवा गावाजवळच्या लेडी नावाच्या अरण्यात ते जाऊन राहिले, म्हणून त्यांना लेडी सयादो म्हणतात. सयादो म्हणजे पूज्य गुरू. जन्म १८४६, मृत्यू १९२३. त्यांनी साध्या ब्रह्मी भाषेत पुस्तके लिहिली, गावोगाव फिरून गृहस्थांची अभ्यासमंडळे स्थापली, आणि ध्यान हे संसारी माणसालाही साधेल असे सांगितले. आपल्याकडे ही परंपरा थेट अशोकाच्या धर्मदूतांपासून अखंड आल्याचे सांगतात. ती श्रद्धा आहे. कागदोपत्री स्पष्ट दिसतो तो हा बदल, आणि तो राजाच्या पराभवातून आलेला आहे.

त्यांचा एक शिष्य म्हणजे सया तेजी, रंगूनच्या दक्षिणेकडचा शेतकरी. १९०३ सालच्या पटकीत त्याची पोटची मुले गेली. दुःखाने तो घराबाहेर पडला आणि पुढे शिकून परत आला. तो शेतकरी राहूनच शिकवू लागला. त्याच्याकडे १९३७ साली एक सरकारी हिशेबनीस आला, ऊ बा खिन. १९४८ साली ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा हाच गृहस्थ देशाचा महालेखापाल झाला. त्यांनी आपल्या कचेरीतल्या माणसांना बसावयास शिकविले आणि १९५२ साली रंगूनला केंद्र काढले. सकाळी ध्यान, दिवसभर फायली, संध्याकाळी पुन्हा ध्यान!

हा हिशेबनीस मला या साऱ्या इतिहासात अधिक जवळचा वाटतो. रोजकीर्द लिहिणाऱ्याला ठाऊक असते की आलेली रक्कम आली तशी, त्याच दिवशी मांडावयाची. आवडली नाही म्हणून गाळावयाची नाही, आवडली म्हणून फुगवावयाची नाही. ध्यानाची रीतही तीच. प्रथम तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहावयाचा. मग डोक्यापासून पायापर्यंत अंगावर काय जाणवते ते पाहावयाचे: ऊब, मुंग्या, ठणका, थरथर. क्रोध मनात केव्हा शिरला ते कळत नाही, परंतु त्याच्याबरोबर श्वास बदलतो, कान तापतात, आणि ते कळू शकते. कळले तर हात उठण्याआधी क्षणभराची जागा मिळते.

ऊ बा खिन यांच्याकडे १९५५ साली मंडालेत जन्मलेले एक मारवाडी व्यापारी आले, सत्यनारायण गोयंका. अर्धशिशीने ते इतके गांजले होते की मॉर्फिन टोचून घ्यावे लागे. परदेशी डॉक्टरांनीही हात टेकले होते. निव्वळ डोकेदुखीसाठी येऊ नका, असे गुरूंनी त्यांना आधी बजावले. १९६९ साली ते भारतात आले आणि जुलैत त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. १९७६ साली इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात हजारभर कैदी एकाच वेळी बसले. गोयंका २०१३ साली वारले. मराठी वाचकाला या मार्गाची माहिती त्याच्या पुष्कळ आधी गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी ‘समाधिमार्ग’ लिहून दिली होती. पण पुस्तक वाचणे आणि बसणे यांत अंतर राहतेच.

ते अंतर मला त्या मे महिन्यात इगतपुरीला कळले. दहा दिवस मौन, पहाटे चारला घंटा. चौथ्या दिवशी गुडघे ठणकत असताना त्या मुलाचा चेहरा समोर आला आणि छातीत काहीतरी आवळले. मी ते बघत राहिलो. आजवर मी त्या थोबाडीला शिस्त म्हणत होतो. ती लाज होती. मुले हसली तेव्हा मला परत आलेल्या बाडाचीच लाज वाटली होती. माझ्या कीर्दीतली ही पहिली खरी नोंद.

आता रोज पहाटे अर्धा तास बसतो. राग गेला असे म्हणणार नाही. गेल्याच आठवड्यात घरी भांडे आपटले. पण शाळेत त्यानंतर हात उठलेला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा साऱ्या वर्गासमोर मी त्या मुलाची क्षमा मागितली. तो गोंधळून म्हणाला, “असू दे गुरुजी. पण राजा करायचा काय, ते नाही सांगितलंत.”

मी सांगितले की तो पैशांसाठी सरकारकडे अर्ज करी, दागिने विकी, आणि समुद्राकडे बघत बसे असे म्हणतात.

“आणि मनात?”

“ते त्याचे त्यालाच बघता आले असते,” मी म्हणालो. मुलगा विचार करीत खाली बसला, आणि मी हजेरीपट उघडला.