फोंतेइन्यासचा क्रूस

पणजीत फोंतेइन्यासला सेंट सेबॅस्टियनचे छोटेसे कपेल आहे. तिथल्या मोठ्या क्रूसावरच्या ख्रिस्ताची मान ताठ आहे आणि डोळे उघडे. हा क्रूस 1918 साली पणजीच्या आदिलशाही वाड्यातल्या कपेलातून इथे आला. त्याआधी तो जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मचौकशीच्या न्यायासनाच्या, वाड्यात होता. आरोपींना धडकी भरावी म्हणून डोळे उघडे ठेवले, असे हौसेने सांगितले जाते. मला ते पटत नाही. उघड्या डोळ्यांचा विजयी ख्रिस्त युरोपच्या शिल्पकलेत इन्क्विझिशनच्याही आधीपासून आहे.

धाक होता तो त्या वाड्यातल्या चौकशीच्या दालनाचा. शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याला 1673 साली दमणला पकडले आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी वसईमार्गे गोव्याला नेले. देलाँचे पुस्तक 1687 साली निघाले. चौकशीच्या दालनात जवळजवळ छताला भिडणारा क्रूस होता, असे तो लिहितो. कागदांच्या आधारे एवढेच मागे जाता येते. क्रूस न्यायासनाच्या आरंभीच्या काळापर्यंत मागे नेणे ही ओढाताण होईल.

इन्क्विझिशनच्या कहाणीतला ज्यूंचा भाग मात्र त्या आरंभीच्या काळातलाच. 1546 साली फ्रान्सिस झेवियरने पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन मागितले, तेव्हा मोझेसच्या कायद्याने चालणाऱ्यांकडे त्याने बोट दाखवले होते. 1560 साली न्यायासन बसले. सुरुवातीला त्याचा रोख नवख्रिस्तींवर, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या ज्यूंच्या वंशजांवर होता. हिंदूंमधून आलेल्यांवर तो पुढे वळला.

1812 साली न्यायासन कायमचे उठले आणि गोव्यातल्या बहुतेक प्रकरणांचे कागद नष्ट झाले. उरली ती जुआँव देल्गादो फिगेइरा याने 1623 साली केलेली सुमारे 3,800 प्रकरणांची यादी, लिस्बनमध्ये. तिथल्याच दप्तरातून आगुश्तू द सिल्व्हा कार्व्हाल्यू यांनी 1934 साली गार्सिया द ओर्ताच्या कुटुंबाची कहाणी बाहेर काढली. मुंबई बेट ज्याच्याकडे होते, तोच हा वैद्य. त्याचा वनस्पतींवरचा ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. तो 1568 साली वारला आणि लगेच बहीण कातारिना पकडली गेली. 25 ऑक्टोबर 1569 रोजी तिला जाळले. घरच्यांच्या जबान्यांमध्ये ओर्ताही ज्यू धर्म पाळत असल्याचे आले. 4 डिसेंबर 1580 रोजी त्याची हाडे उकरून जाळण्यात आली.