मिश्रीने हिरड्या बळकट होतात?

सातारा-सांगलीकडच्या गावांत तव्यावर काळी भाजलेली तंबाखू, म्हणजे मिश्री, दातांना लावणाऱ्या आजीबाई आम्ही पाहिल्या आहेत. कोकणात हिलाच मशेरी म्हणतात. मिश्रीने हिरड्या घट्ट होतात, ही पूर्वापार समजूत!

पूर्वापार म्हणजे कधीपासून? तंबाखू मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांबरोबर ती इकडे आली. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग याने ती विजापुरात पाहिली आणि नवलाची वस्तू म्हणून बादशहाकडे नेली. मिरज तेव्हा विजापूरच्याच राज्यात होते. त्यापूर्वीच्या पिढ्यांचे दात बाभूळ-कडुनिंबाच्या काडीवरच निभावले.

मग समजूत टिकली कशी? निकोटिनमुळे हिरडीतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे हिरडी रोगट असूनही रक्त कमी येते आणि गुण आल्यासारखे वाटते. आत रोग वाढतच असतो. शिवाय व्यसन जडते. एक दिवस मिश्री चुकली की डोके दुखते, आणि तोही मिश्रीचाच गुण ठरतो! तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच.

१९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास बंदी केली. घरच्या तव्यापर्यंत मात्र ती पोचत नाही. तिथे रोज जाणारी मुले शिक्षकांच्या वर्गात बसलेली असतात.