चार दिवसांच्या मुक्कामातली डहाळी

निलगिरीच्या वंशात आज सातशेहून अधिक जाती मोजल्या जातात. या साऱ्या गोतावळ्याला नाव मिळालं ते एका वाळवलेल्या डहाळीवरून.

जानेवारी १७७७. लाकूड, पाणी आणि जनावरांसाठी गवत भरून घ्यायला कॅप्टन कुकची जहाजं टास्मानियाजवळच्या ब्रूनी बेटाशी, अ‍ॅडव्हेंचर उपसागरात थांबली. मुक्काम जेमतेम चार दिवसांचा. त्यांपैकी एका जहाजावर लंडनच्या क्यू बागेतला माळी डेव्हिड नेल्सन होता. वनस्पती गोळा करायला निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सनं त्याला मुद्दाम धाडलं होतं. तिथल्या उंच झाडांपैकी एकाची डहाळी त्यानं दाबून, वाळवून लंडनला आणली.

तिथे ती पडून राहिली. पुढे १७८६ मध्ये शार्ल लुई लेरितिये हा फ्रेंच न्यायाधीश लंडनला आला. पेशा न्यायदानाचा, पण जीव वनस्पतींत गुंतलेला. त्यानं ती डहाळी निरखली. कळीवर घट्ट बसलेलं टोपण त्याच्या नजरेत भरलं. या फुलाला सुट्या पाकळ्या नसतात. फूल उमलताना टोपण अख्खंच गळून पडतं आणि आतले पुंकेसर झुबक्यानं बाहेर पसरतात. ‘नीट झाकलेलं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्यानं वंशाचं नाव ठेवलं युकॅलिप्टस. पानाचा तळ देठाच्या दोन्ही अंगांना सारखा नव्हता, म्हणून जातीचं नाव ऑब्लिका, म्हणजे तिरपी. डहाळीचं चित्र रेदुते या चित्रकारानं काढलं. हे नाव ज्यात छापलं त्या लेरितियेच्या ग्रंथावर साल १७८८ असलं तरी तो बाहेर पडला १७८९ मध्ये. त्याच वर्षी नेल्सन तिमोरमधल्या कुपांगला तापानं गेला. ‘बाउंटी’ जहाजावरच्या बंडानंतर उघड्या होडीतून तो तिथवर पोचला होता.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की नाव देणाऱ्यानं झाड त्याच्या जंगलात कधी पाहिलंच नव्हतं. ऑब्लिकाची खरी ओळख तिच्या सालीत आहे: जाड, खरखरीत, धाग्याधाग्यांनी सुटणारी, खोडापासून फांद्यांपर्यंत चढलेली. त्याच भागातली युकॅलिप्टस रेग्नान्स बुंध्याशीच खडबडीत असते, वर गुळगुळीत. जंगलात लांबूनच जो फरक कळतो, तो कागदावर चिकटवलेल्या डहाळीत नसतो. आणि ब्रूनीच्या मूळ नुएनोन लोकांचं या झाडाबद्दलचं ज्ञान तर त्या नावात कुठेच आलं नाही.

म्हणून निलगिरीच्या हर्बेरियम नमुन्यात, म्हणजे संग्रहासाठी वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यात, चिठ्ठीचं मोल डहाळीइतकंच आहे. ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्यानं नमुन्याला दिलेला क्रमांक तर हवेतच. शिवाय झाडाची उंची, साल कुठवर खडबडीत आहे, माती कसली, शेजारी कोणती झाडं, हेही लिहावं लागतं. कळ्या आणि फळं दोन्ही घ्यायची, जमल्यास रोपट्याची पानंही, कारण ती मोठ्या झाडाच्या पानांहून पुष्कळदा वेगळीच दिसतात. पुढे एखाद्या तज्ज्ञानं जात वेगळी ठरवली, तरी जुनी चिठ्ठी फाडायची नाही. नवी चिठ्ठी तिच्या शेजारी, आपल्या नावानं आणि तारखेनं चिकटवायची.